जपानी बासरी आणि शेजारचा वरण-भात

हसू नका, पण चहा येईपर्यंत ऐका. बायको गेल्यापासून मी चिखल्याच्या खाण कॉलनीत एकटाच राहातो. पुण्याची पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, घर सुनं वाटते ना? मंग जपानी बासरी ऐका. नवीन माणसानं इथूनच सुरू करावं. त्यात शब्दच नाहीत, समजाचं काही कामच नाही."

रविवारी दुपारी आवाज वाढवून लावली. एक सूर लांब जाते, थांबते, मंग हुंदका दिल्यासारखा पुन्हा उठते.

तेवढ्यात शेजारच्या वनिताबाई दारात! हातात वरण-भात, मागं चार-पाच जणं, सारे चूप. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी जेवण आणतात ना, तसंच.

"भाऊ, कोण गेलं?"

"कोणीच नाही जी. हे जपानी संगीत हाये."

"मंग तिकडचं कोण गेलं?"

सारे हासले आणि तिथंच बसले. बायकोच्या मागं माह्या घरी पहिल्यांदा पंगत बसली.

आता दर रविवारी मी आवाज आणखी वाढवतो. पण कोणी येत नाही. जपानी हाये, हे साऱ्याईले मीच सांगून बसलो ना.