गाडीचा रेनकोट

लाखांदूरच्या स्टँडवर रिता बसची वाट पाहत होती. पाऊस धो धो कोसळत होता. मागच्या बाकावर एक नवरा-बायको येऊन बसले. बाई नखशिखांत भिजली होती.

"माहा रेनकोट कुठं हाय?"

"गाडीले घातला. बॅटरीची गाडी हाय, कंट्रोलरमंदी पाणी गेलं त जागेवरच बसते."

"अन् मी?"

"तुह्यात कुठं वायर हाय?"

"छत्री?"

"चार्जिंगच्या जागेवर बांधली."

"गाडी घरी झाकून आपण एसटीनं जाऊन राहिलो?"

"एवढ्या पाण्यात गाडी कोण काढते?"

"मी कोंढ्याले माहेरी चालली. गाडीले सैपाक सांगजा."

बाई उठून चालायला लागली. नवऱ्यानं धावत जाऊन तिच्या डोक्यावर प्लास्टिक धरलं. रिताला बरं वाटलं.

"हे कुठून आणलं?" बाईनं विचारलं.

"गाडीचं उरलं."