दुसऱ्या भागातली उडी

मी, सौ. तेजश्री संघर्ष पाईकराव, वय ३४ वर्षे, काम दवाखान्यात रिसेप्शनिस्ट, राहणार पूनम सागर, मीरा रोड पूर्व, मूळ गाव वसमतजवळ, जिल्हा हिंगोली. आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती संघर्ष, वय ३९, असे राहतो. पती सिनेमात डुप्लिकेटचे काम करतात, म्हणजे हीरोच्या जागी उड्या मारतात. पडद्यावर त्यांची फक्त पाठ दिसते. ती पाठ मला अंधारातही ओळखू येते.

‘सातसुळका’ या सिनेमात एका सुळक्यावरून दुसऱ्यावर जी उडी आहे, ती माझ्या पतीची आहे. उडी मारल्यावर त्यांचा डावा पाय आधी टेकतो. त्याच उडीत डावा गुडघा दुखावला, पण पुढे तो बरा झाला असे ते सांगत. दुसऱ्या भागाचे शूटिंग सुरू झाल्यावर ते रोज सकाळी गुडघ्याचे पॅड बॅगेत घालून निघत व संध्याकाळी दमून येत.

पती स्वतःचा सिनेमा थेटरात बघत नाहीत. मी बघून येते आणि जेवताना त्यांना एकेक उडी सांगते. लग्नापासून आमची ही पद्धत आहे.

रविवारी दुपारी मी बिल्डिंगमधल्या बायकांना घेऊन ‘सातसुळका दोन’ बघायला गेले. पहिल्या भागात खजिना शोधून काढतात. दुसऱ्यात तोच खजिना परत ठेवायला जातात. मग आधी काढला कशाला, ते मला समजले नाही. पहिल्या भागात माणसे दमतात, पाणी पितात. दुसऱ्यात कोणी दमतच नाही. मोठी उडी आली तेव्हा शेजारच्या भूमिकाबेन ओरडल्या, “देखो देखो, अपने भैया!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परंतु उजवा पाय आधी टेकला. मी गोंधळले. पुढच्या उडीलाही उजवाच. ती पाठ माझ्या पतीची नव्हती. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

हल्ली उड्या कॉम्प्युटरवर करतात का, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मला माहीत नाही. पण त्या माणसाच्या मानेवर घामोळे होते. कॉम्प्युटरला घामोळे कशाला येईल?

घरी आले तेव्हा पतीने पिठले करून ठेवले होते. भूमिकाबेन दारातच उभ्या होत्या. “कशी झाली?” असे पतीने विचारले. भूमिकाबेनच्या देखत खरे काय बोलणार? मी म्हणाले, “पहिल्यापेक्षा भारी उडी मारलीत या वेळी.” भूमिकाबेन हसून घरी गेल्या. मग पतीने विचारले, “पाय कोणता टेकला?” मी म्हणाले, “डावाच की.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.” दही आणतो असे सांगून गेले, ते अद्याप आलेले नाहीत. मोबाईल फळीवरच आहे. मी चांगलेच बोलले होते. त्यात जाण्यासारखे काय होते, याचा मी तेव्हापासून विचार करत आहे.

सोमवारी सकाळी सिनेमातल्या उड्या बसवणारे फाइट मास्टर दशरथ, राहणार भाईंदर, यांना फोन केला. ते म्हणाले, “वहिनी, पार्ट टूला तो नव्हताच. गुडघा बघून मीच पहिल्या दिवशी परत पाठवला. न्हाय बोलला तुम्हाला?” त्यांच्याकडूनच कळले की पती काशीमीराला एका गोडाऊनमध्ये माल उतरवतात. मी तिथे गेले. तिथले सुपरवायझर जितेश म्हणाले, “संघर्षदादा ना? वर्ष झालं, रोज येतो. आज आला नाही.” उडीला न चालणारा गुडघा गोणीला कसा चालतो, असे मी विचारले. ते गोण्या मोजायला लागले.

पतीचे वर्णन: उंची साडेपाच फूट, रंग सावळा, अंगात निळा शर्ट, डाव्या पायाने किंचित लंगडतात. लंगडण्याचे गोडाऊनवाल्यांनी सांगितले. घरात ते मला कधी दिसले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कोणावर संशय घ्यावा हेही कळत नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी इथपर्यंत वाचून दाखवल्यावर मी त्यांना पुढचे वाढवायला सांगितले. पती सापडल्यास, पहिल्या भागातली उडीच चांगली होती, हे आधी पोलिसांनी त्यांना सांगावे. मी सांगितले तर आता त्यांना खरे वाटणार नाही. हे धरून सर्व मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) तेजश्री सं. पाईकराव