ताडपत्रीखालचे दोन तास

बसा सगळे. मागे उभे आहात त्यांनीही बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. मला भाषण येत नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. पण आज न बोलता घरी गेले तर घास उतरणार नाही.

मी कमल भोईर, वळ गावची. केतकर बाई गेल्या सोमवारी गेल्या. हृदय थांबलं म्हणतात. तुम्ही टेमघरचे त्यांना शेजारी म्हणून ओळखता, हे पुढे बसलेले त्यांच्या ऑफिसचे लोक शास्त्रज्ञ म्हणून ओळखतात. मी त्यांना मोजणीवाली समजले होते. खोटं कशाला बोलू?

आमच्या वळमध्ये कोणी तिपाई घेऊन आलं की आम्ही काय समजतो? जमीन जाणार. निम्मं गाव गोडाऊनखाली गेलंय. आणि ही बाई येऊन म्हणते, वहिनी, तुमच्या स्लॅबवर एक यंत्र लावू द्या, मला आभाळ मोजायचंय. मी मनात म्हटलं, आभाळ कोण मोजतं? आभाळाचा सातबारा असतो का? मालकांनी हो म्हटलं, मी नाही. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन आमचा सातबारा काढून आणला, हिचं नाव कुठे लागलंय का बघायला. लागलं नव्हतं. तरी शंका गेली नाही.

यंत्र म्हणजे एक नळी. दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायची. मी कपडे वाळत घालताना तिच्याकडे पाठ करायचे नाही.

मग एक दिवस विमान आलं. नेहमीचं नाही. गावावर गोल गोल फिरत वर वर जायला लागलं. सगळे बाहेर. कोणी म्हणालं, वरून फोटो काढतात, आता संपादनाची नोटीस येणार. मी जिना चढले आणि यंत्रावर ताडपत्री टाकली. वर चार विटा ठेवल्या. दोन तास.

बाई धावत आल्या. धामणकर नाक्यावर ट्रॅफिक, तिथे रिक्षा सोडून चालत आल्या होत्या. ताडपत्री बघितली आणि टाकीला टेकून बसल्या. त्या विमानाची त्यांनी दोन वर्षं वाट बघितली होती. हे मला नंतर कळलं. मला वाटलं, आता शिव्या देणार. मीही तयार होते, पदर खोचून.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. मी म्हटलं, "काय लिवता? माझं नाव लिवता?" त्यांनी वही माझ्यासमोर धरली. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'यंत्र दोन तास झाकलेलं होतं. कारण, मी घरच्यांना नीट समजावलं नव्हतं.'

माझं नाव नव्हतं. चूक त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली.

मग म्हटलं, आता समजवा. त्यांनी समजावलं. खालून हे यंत्र बघतं, हवेत धूळ किती, धूर किती. वरून उपग्रह बघतो. मधून विमान जातं, हवा आत ओढून तपासतं. आणि कॉम्प्युटर आकडेमोड करून सांगतो की वर काय असेल. लांबच्या वाळवंटातली धूळ समुद्र ओलांडून येते म्हणे, ढगांच्याही वरून. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे ट्रकची धूळ कमी आहे का? हसल्या. मग मी विचारलं, "चौघांचं जुळलं न्हाय तर? खोटं कोन बोलतो?"

"तेच शोधायचं असतं, वहिनी. मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. माझ्या यंत्रावरसुद्धा नाही."

तेव्हा पहिल्यांदा ती बाई मला आपली वाटली.

त्यांनी मला वही दिली. रोज सकाळी लिहायचं, ढग किती, धूर किती, नळीची काच पुसली का. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याला कधी नाव ठेवलं नाही. पण सलग दोन दिवस एकच मजकूर दिसला की विचारायच्या, वर जाऊन बघितलंत की कालचंच उतरवलंत? कालचंच उतरवलेलं असायचं. खोटं पकडायला माझ्यापेक्षा हुशार.

आता साहेब, तुमच्याकडे येते. हो, तुम्हीच, निळ्या शर्टातले. मघाशी दारात मला गोड बोलून म्हणालात, वहिनी, यंत्र दुरुस्तीला नेतो, परत आणून लावू. कधी, ते विचारलं, तर म्हणालात बघू. पावसाळ्यानंतर नळीची वायर गेली तेव्हा बाईंनी तुम्हाला किती फोन केले? दोन महिने कोणी आलं नाही. शेवटी बाईच शेअर रिक्षात वायरचं वेटोळं मांडीवर घेऊन आल्या आणि या वयात जिना चढून जोडली. आज तुम्ही हार घेऊन पाच माणसं आलात. मग मी कसा विश्वास ठेवू?

बाई सांगायच्या, खंड पडला की तो भरून निघत नाही. कालची हवा उद्या मोजता येत नाही. दोन तासांचा खंड मी पाडला. त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही किती वर्षांचा पाडणार?

यंत्र चालू आहे. आज सकाळी काच मीच पुसलीय. जिन्याच्या दाराची चावी माझ्या कमरेला आहे. रोज बघायला तुमचा माणूस येणार असेल तर दार उघडं आहे, चहा मी करीन. उचलून न्यायला येणार असाल तर आधी लिहून द्या, परत कोणत्या तारखेला लावणार. तोंडी नको.

बाई, मी तुम्हाला मोजणीवाली म्हटलं, माफ करा. नमस्कार.

आता सगळे उठा. दोन मिनिटं शांत उभं राहायचं. तुम्ही डोळे मिटा. मी मिटणार नाही, मी साहेबांकडे बघत राहणार आहे. दोन मिनिटं झाली की त्यांनी इथेच, सगळ्यांसमोर, तारीख लिहायची. वही मी आणलीय.