परड्यातला मुरूम

कसबा बावड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढं एक म्हातारं जोडपं टिकाव निवडत होतं.

“ह्यो जड टिकाव द्या. आमच्या घरामागच्या परड्यात सगळा मुरूम हाय. हलका टिकायचा न्हाय.”

“अवो, बायपास झालंय तुमचं. खड्डा मी खणणार.”

“तू?”

“व्हय, मीच. आंब्याचं रोप पिशवीत वाळाय लागलंय.”

म्हातारबांनी हातातला जड टिकाव खाली ठेवला. मग दुकानदाराला म्हणाले, “लोखंड चांगलंच द्या, पण वजनाला बेताचा टिकाव दावा. आन् दांडा घासून गुळगुळीत करा. हिच्या हाताला फोड यायला नकोत.”

दुकानदार दांडा घासायला बसला.

“मग मी काय करू, राजमती?”

“शेजारी बसून बोलत ऱ्हावा की. दवाखान्यात लई गप्प पडून हुतासा.”