आवाज गेला तवाचा गोंधळ

आमी तामलवाडीचे गोंधळी, माझं नाव लिंबाजी. आज्यापास्नं हेच काम. कुणाच्या घरी लगीन झालं, जावळ झालं, की देवीचा गोंधळ घालायचा, पाटावर चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, आधी सगळ्या देवांना गाऊन बोलवायचं आन् मग कथा लावायची. पयले लोक रातभर बसायचे, आता सकाळी कामाला जायचंय म्हणत्यात, तर आमी दिवेलागणीलाच सुरू करतो आन् जेवणापतोर उरकतो. धाकटा भाऊ धोंडिबा संबळ वाजवतो, म्या गातो, कथा सांगतो. गळा हीच माझी शेती, दुसरी न्हाय.

आन् काय सांगू तुम्हाला, तोच गळा बसला. ढोकीला एका लग्नघरी गात होतो, वरचा सूर धरला आन् आतनं नुसता वारा आला. काढा पेलो, ज्येष्ठमध चघळलं, लई दिस गेले तरी खरखरच. मग धोंडिबा म्हणला, दादा, आता सोलापूरला चला. डाक्टरनं नळी घालून बघितलं, म्हणले, गाठ हाय, तुकडा तपासाय पाठवतो, तवर बोलायचं न्हाय, कुजबुजायचं बी न्हाय. म्या खुणेनंच इचारलं, तसलीच हाय का? ते म्हणले, आत्ता सांगता येत न्हाय. बायको माझ्यापुढं हसायची आन् न्हाणीत जाऊन रडायची. मला ऐकू यायचं, पर बोलायचं न्हाय ना.

त्यातच माकणीचा गोंधळ ठरलेला, एका लिंगायत दुकानदाराच्या घरी, पोराचं जावळ. म्या हातानंच सांगितलं, दुसरा गोंधळी बघा म्हणाव. धोंडिबानं फोन लावला, तर दुकानदाराच्या आई गौराबाईंनी घेतला, सगळं गाव त्यांना अव्वा म्हणतं, म्हंजी कानडीत आई. म्हणल्या, दुसरा कशाला, माझ्या लग्नात ह्याच्या बापानं गोंधळ घातला, लेकाच्या लग्नात ह्यानं घातला, गळा बसलाय तर बसू द्या, माणूस तर हाय ना, घेऊन या त्याला.

गेलो. चौक मांडला, धोंडिबानं गाणी कशीबशी म्हणली, पर कथा त्याला येत न्हाय. माजघर बायामाणसांनी भरलेलं, आन् सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. उठाय लागलो तर अव्वा म्हणल्या, सुम्म कूड्री, म्हंजी कानडीत गप बसा. आन् सवताच सरकून चौकापाशी आल्या, म्हणल्या, राणीची कथा म्या सांगते, तुमी तुणतुणं धरा, चुकलं तर मान हलवा.

राजा राणीला लेकरासकट रानात सोडतो आन् देवी म्हातारी होऊन तिला भाकर देती, ती कथा. माझ्या बापाची, त्याच्याच चालीवर, आर्धी मराठी आर्धी कानडी. मधीच देवीनं भाकरीसंगं शेंगाची चटणी बी दिली. म्या मान हलवली. त्या म्हणल्या, आसू द्या, लेकुरवाळी कोरडी भाकर कशी खाईल? पुढं राजा राणीच्या झोपडीवर तिला न्यायला येतो, आमच्या कथेत त्यो लगेच आत येतो, अव्वांनी त्याला दारात उन्हातच उभा केला. बाया म्हणाय लागल्या, ऱ्हाऊ द्या आजून, ऱ्हाऊ द्या आजून. सगळं घर हसलं. म्या बी हसलो, आवाजाबिगर, नुसते खांदे हालले आन् डोळ्याला पाणी आलं. मला वाटायचं म्या गेलो की कथा बी गेली. ती तर हितं, ह्या माजघरात, ऐकून ऐकून जिती ऱ्हायलेली.

मग हुग्गी वाढली, गव्हाची गुळातली खीर ती, वर तूप. लई दिसांनी घास गोड लागला.

त्यानंतर सोलापूरला बोलावणं आलं. डाक्टर म्हणले, साधी गाठ हाय, काढली की झालं. धोंडिबा दवाखान्यात मटकन खालीच बसला. गाठ काढली, आन् बोलाय सांगितलं तवा म्या पयलं बायकोचं नाव घेतलं. ती म्हणली, चारचौघात नाव घेताय, लाज हाय का काही, आन् पदरात तोंड घालून रडली, ह्या बारीला माझ्यासमोर.

आता गातो. वरचा सूर लागत न्हाय, त्यो धोंडिबा उचलतो. कथेत दम लागला की थांबतो, पुढचं बाया बोलत्यात, मग परत म्या. आज सांजच्याला बी एका घरी जायचंय, तुमी बी चला, बसा, जेवून जावा. देवी तुमचं भलं करो, घरात ऐकणारी माणसं ऱ्हावीत.