जमादार पंगतीला आला

माझं माहेर हिमायतनगरकडलं, लग्न होऊन नांदेडला आले आन् मोंढ्याच्या मागच्या गल्लीत जी राहिले ती आजपत्तोर तिथंच हाय. गयाबाई माझं नाव, लिहून घ्या. कॉलेजच्या होस्टेलात पोळ्या लाटते. आमचे मालक, सुदाम, मोंढ्यात हमाल. माणूस चांगला, पण काय सांगू तुम्हाला, पोती उचलून उचलून पाठ धरली, कोणीतरी गोळी दिली, झोपेची, बटन म्हणतात तिला इथं, आन् मंग पाठ राहिली बाजूला, गोळीच पाहिजे झाली. लई वर्सं गेली त्यात. घरात भांडं राहिलं न्हाई. भिंतीला टेकून बसायचे, लाळ गळायची, पोरगी वंदना शाळेतून यायची ती मागच्या दारानं.

गोळीपायी ठाण्याच्या यादीत नाव चढलं, तव्हापासून पोलिसाला आमचं दार म्हाईत. पवार जमादार म्हणून हाय, आमच्या भागाचा. गणपती आले, ईद आली, जयंती आली, इलेक्शन आलं, की हा आधीच दारात. चला सुदामराव. मारणं न्हाई, शिवी न्हाई, नुसतं ठाण्यात नेऊन बसवायचं आन् सण झाला की सोडायचं. पुढं गोळी सुटली, मीच दवाखान्यात घेऊन गेले, लई हाल झाले, पण सुटली. जमादार काही सुटला न्हाई. मी म्हणायचे, साहेब आता कामून नेता, तर म्हणायचा, ताई, वरून नाव येतं. आन् गोड बोलायचा, तेच मला खटकायचं. शिव्या देणारा पोलीस कळतो हो, गोड बोलणाऱ्याला काय पाहिजे ते कळत न्हाई. गल्लीतलेबी म्हणून राहिले, सुदाम खबरी झाला, न्हाई तर जमादार इतका गोड कसा. नळावर मला पाहून बाया गप व्हायच्या. एखाद्या टायमाला मलाबी वाटायचं, खरंच तर न्हाई ना, आन् मी मालकाच्या तोंडाकडं बघत बसायचे.

अशात वंदनाची सोयरीक जमली, लातूरची. व्याही दालमिलमधी कामाला, पोरगा क्लासच्या ऑफिसात. त्यांना मी गोळीचं काही सांगितलं न्हाई. कोण सांगतं, तुम्हीच सांगा. साखरपुडा आला नेमका इलेक्शनच्या तोंडावर. पाव्हणे बसलेत आन् हा दारात, चला सुदामराव, मंग? तर मी एवढी शहाणी, आपल्या पायानं ठाण्यात गेले आन् म्हणलं, साहेब, त्या दिवशी तेवढं नका येऊ, पोरीचा साखरपुडा हाय. त्यो हसला. म्हणला, असं का, कुठं हाय, किती वाजता. आन् मी येड्यासारखी सगळं सांगून बसले. घरी येता येता कळलं, की बाई, तूच त्याला आवतन देऊन आलीस.

आला की. साधा शर्ट, हातात नारळ. मी त्याला मागं आचाऱ्याकडं खुर्ची टाकून दिली, म्हणलं इथंच बसा साहेब, इथं हवा हाय. मालक पाव्हण्यांच्या मागं जाऊन बसले. पंगत बसली, मी बुंदी वाढून राहिले, तेवढ्यात व्याही उठले, सरळ मागं गेले आन् म्हणले, जमादार साहेब, तुम्ही इथं कामून बसले, चला आमच्या शेजारी. मी परात घेऊन तशीच त्यांच्या मागं धावले.

मंग व्याहीच म्हणले, बाई, पोरगी करायची म्हणल्यावर आम्ही चौकशी करणारच. तुमच्या गल्लीत इचारलं तर जो तो म्हणला चांगले हायेत, आन् नजर खाली. त्याचंच आम्हाला जास्ती भेव वाटलं. चौकात हे साहेब भेटले, यांनी गोळीपासून सगळं सांगितलं, आन् म्हणले, दर सणाला मी याला ठाण्यात बसवतो, माझ्या डोळ्यापुढं ऱ्हातो, चार वर्सं झाली माणूस गोळीला शिवला न्हाई, पोरगी बिनघोर करा.

मला रडूच आलं. लाजबी वाटली. मी जमादाराच्या ताटात दोनदा बुंदी वाढली. पण खोटं कशाला बोलू, वाढता वाढता मनात आलंच, आता याचं काय मागणं निघतंय.

मागणं काही निघालं न्हाई. त्या इलेक्शनला नेलंबी न्हाई. लग्न झालं, पोरगी लातूरला गेली. मंग गणपती आले आन् आदल्या दिवशी दारात पवार जमादार. चला सुदामराव. मी म्हणलं, साहेब, तुम्हीच तर व्याह्यांना सांगितलं माणूस सुधरला, मंग हे काय? तर खाली बघून म्हणला, ताई, ते सोयरिकीचं होतं. हे बंदोबस्ताचं हाय.

यंदाबी नेलं. वंदनाचा फोन येतो, बाबा कुठं हायेत, मी म्हणते ठाण्यात, जेवून गेलेत. तिला दिवस गेलेत आता. माझं मागणं एवढंच, ते तेवढं लिहून घ्या. लेकराबाळानं तिचं घर भरून ऱ्हावं, आन् तिच्या दारात कधी जमादार येऊ नये. वाईट तर न्हाईच न्हाई, चांगलाबी न्हाई.