एका दाताचे आटे

तुमाले खरं नाही वाटणार, पण एका दातानं दिग्रसची कापसाची जिनिंग चालू केली मी. तिचा पाइप जोडाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा फुटून काम बंद पडलं होतं. माह्या वर्कशॉपात नव्या ठोकळ्यात तीन इंची पाइपाचे निमुळते आटे पाडाचे होते.

टूलवाला म्हणे, "आटे पाडाचा मोठा टॅप घ्या."

मी म्हटलं, "त्यानं माही मशीन अडकन. एका दाताचा कटर दे. मशीन त्याले गोल फिरवत, घेर वाढवत वर नेईन."

जिनिंगचे वासुदेव मिस्तरी गळती बुजवाले सुतळी अन् सफेदा घेऊनच आले. "एका दाताचे आटे गळतेच," म्हणे.

कटरवर रॉकेल मारत आटे पाडले, टेप गुंडाळून पाइप कसला, दाबानं पाणी सोडलं. एक थेंब नाही!

मिस्तरीनं त्याच सुतळीनं ठोकळा गाडीले बांधला अन् निघाले.